संगीतरत्न अब्दुल करीम खाँ आणि समोर बसलेला श्रोता



कलावंत समोरच्या श्रोत्यांशी नाते कसे जोडतो, या विषयावर यंदाच्या स्मरणिकेत काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. बैठकीत विषय निघाला आणि लगेच निवेदक, रंगीत दिवे, एलईडी पडदा आणि हल्ली दर गाण्याआधी ऐकू येणारी टाळ्यांची मागणी, अशी चर्चा सुरू झाली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एका कृश, भरघोस मिशांच्या, डोळे अर्धवट मिटून गाणाऱ्या माणसाचा फोटो आला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांना जाऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली. मी त्यांना ऐकले ते वडिलांच्या रेकॉर्डवर, पुढे कॅसेटवर आणि आता मुलाच्या मोबाईलवर. यंत्रे बदलली, पण त्यांचा पहिला षड्ज लागला की घरातले बोलणे थांबते, हे काही बदलले नाही.

मी संगीतातली अधिकारी व्यक्ती नव्हे. आपल्या उत्सवात शास्त्रीय गायन असले की मागे तानपुऱ्यावर बसते, एवढाच माझा अधिकार. पण तानपुऱ्यावर बसणाऱ्याचा एक फायदा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि त्याला मात्र सगळे दिसतात. प्रसादाची वाट बघणारी मुले दिसतात, बसची वेळ झाली म्हणून चुळबुळणारे आजोबा दिसतात, समेच्या आधीच मान टाकणारे काका दिसतात. आणि एखाद्या वर्षी, एखाद्या क्षणी, ही सगळी मंडळी एकदम गप्प होऊन गाण्याकडे ओढली जातात, तेही दिसते. तो क्षण कसा येतो, कुणी आणावा लागतो की आपोआप येतो, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलेला आहे. खाँसाहेबांचे चरित्र मी वाचते ते या प्रश्नासाठी.

मल्लेश्वरमच्या स्मरणिकेत मिरजेचे खाँसाहेब कशाला, असे कुणाला वाटेल. तर आपल्या काडू मल्लेश्वराच्या देवळापाशी शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांचा 1669 चा दानलेख आहे, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतोच. देवळाभोवतीची ही आखीव वस्ती वसली ती 1898 च्या प्लेगनंतर, शहरातली दाटी कमी करण्यासाठी. त्याच प्लेगच्या वर्षांत अब्दुल करीम नावाचा पंचविशीतला एक गवई बडोदे, मुंबई करत मिरजेत येऊन पोचला होता. पुण्या-मिरजेकडून बेळगाव, हुबळी, हरिहर करत येणारी मीटरगेजची गाडी आपल्या मल्लेश्वरम स्टेशनावरूनच बंगळूर सिटीत शिरत असे. उत्तरेचे गाणे दक्षिणेत उतरले ते याच मार्गाने, आणि ते उतरवण्यात खाँसाहेबांचा वाटा फार मोठा आहे.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या गावाच्या नावावरूनच किराना घराणे. वडील काले खाँ, चुलते अब्दुल्ला खाँ, घरात पिढीजात गाणे आणि सारंगी. धाकटा भाऊ अब्दुल हक याच्याबरोबर जोडीने गात ते दरबार पालथे घालू लागले. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारी दोघांना नोकरीही मिळाली. तिथे सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी लग्न करायचे ठरवले, आणि त्यासाठी बडोदे सोडावे लागले. चांगली चाललेली दरबारी नोकरी गेली, आश्रय गेला. हातात उरले ते फक्त गाणे.

मला वाटते, खाँसाहेबांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ इथे आहे. दरबारात गवयाला श्रोता मिळवावा लागत नाही. महाराज बसले की दरबार बसतो, महाराजांनी मान डोलावली की दरबार डोलतो. मुंबई-पुण्यात तसे नव्हते. तिथे तिकीट काढून आलेला कारकून होता, वकील होता, पेढीवरचा मुनीम होता, शाळामास्तर होता. यातल्या बहुतेकांना रागाचे नाव कळत नव्हते, पण नाटकातली पदे तोंडपाठ होती. त्यांना उठून जायची पूर्ण मुभा होती. अशा अनोळखी माणसांपुढे ख्याल गाऊन त्यांना बसवून ठेवायचे, आणि त्यावर बायको-मुलांचे पोट भरायचे, असा तो मामला होता.

योगायोग असा की याच 1872 साली कुरुंदवाडला विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. तेही मिरजेचेच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या तालमीतले. पंडितजींनीही हाच नवा श्रोता हेरला. त्यांनी तिकीट लावले, वेळ पाळली, सभेला शिस्त लावली. गाण्याच्या जागी विड्या आणि गप्पा चालणार नाहीत, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले. आज आपण कार्यक्रम वेळेवर सुरू करा म्हणून कार्यकर्त्यांच्या मागे लागतो, ते मूळ पंडितजींचे ऋण. खाँसाहेबांचा मार्ग निराळा. त्यांनी श्रोत्याला कसलेच नियम सांगितले नाहीत. ते तानपुरे जुळवायला बसत.

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या हातचा विषय आहे. तानपुऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट वाटला तरी किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून एक अशी जागा शोधायची असते की तार नुसती वाजत नाही, उमलते. यालाच जवारी म्हणतात. खुंट्यांनी ढोबळ सूर मिळतो, घोडीखालच्या मण्यांनी बारीक. आणि हे सगळे नेमके जमले की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत तानपुरा जुळला असे समजायचे नाही, ही खाँसाहेबांची रीत. जवारी ते स्वतः काढत, वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करत. मिरज हे तंतुवाद्ये करणाऱ्यांचे गाव. पंढरपूर भागातले भोपळे आणून तिथे तानपुरे घडवतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब या कारागिरांत रमणारे होते.

आता सभेत काय होते ते बघा. गवई मंचावर येऊन बसला आहे आणि गातच नाही. खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हा मणी सरकवतो. समोरच्यांची आधी कुजबुज चालते. मग ती कंटाळ्याने थांबते. आणि त्या थांबण्यात कधीतरी माणसाचा कान त्या जुळत आलेल्या तारांकडे जातो. दोन तारांमधली थरथर कमी कमी होत जाते आणि एकदम नाहीशी होते, तेव्हा न शिकलेल्या माणसालाही काहीतरी जागेवर बसल्याचे कळते. त्याला शब्दात सांगता येणार नाही, पण कळते. म्हणजे गाणे सुरू होण्याआधीच श्रोता ऐकायला शिकलेला असतो. मग त्याच सुरात मिसळून खाँसाहेबांचा षड्ज येई. तानपुरा कुठे संपला आणि गळा कुठे सुरू झाला ते सांगता येऊ नये, असा.

आपल्याकडे, आणि मी फक्त आपल्याच मंडळाबद्दल बोलत नाही, कलाकाराला मंचावर जायच्या आधी पाच मिनिटे मिळतात. तीही माइकवाल्याची. हॅलो हॅलो, चेक चेक, आणि सुरू. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने सोय झाली हे खरे, तो कधी उतरत नाही. पण जुळताना ऐकण्याची ती दहा मिनिटे श्रोत्यांच्या वाट्यातून गेली. हे मी तानपुऱ्यावर बसते म्हणून म्हणते, असे कुणी म्हटले तरी माझी हरकत नाही.

खाँसाहेबांचा आवाज मुळी दणदणीत नव्हताच. बारीक, टोकदार, उंच जाणारा आणि अतिशय गोड. तरुणपणी ते गायला लागले तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. मोठ्या सभेत मागच्या रांगेला पोचायचे तर ओरडावे, हा सर्वसाधारण मार्ग. खाँसाहेब ओरडत नसत. हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे नाही, तालाशी झटापट नाही. एक सूर घ्यायचा, त्यातूनच दुसरा काढायचा, मध्ये फट राहू द्यायची नाही. लहान आवाजाच्या माणसाला ऐकायचे तर आपल्यालाच गप्प बसावे लागते. एका माणसाने शेजाऱ्याला गप्प केले, त्याने पुढच्याला, की सभा आपोआप शांत होते. मी मंचावरून पाहिले आहे, कलाकाराने आवाज चढवला की श्रोते सैलावून बोलू लागतात, आणि तो खाली आणला की पुढे झुकतात.

अर्थात एवढ्यावर पोट भरत नव्हते, हे खाँसाहेब जाणून होते. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुलांना घरात ठेवून घ्यायचे, जेवूखाऊ घालायचे, शिकवायचे, आणि विद्या चोरून ठेवायची नाही. त्या काळच्या उस्तादांत ही दुर्मिळ गोष्ट होती. खर्च निघायचा जलशांतून. या जलशांत नुसता ख्याल नसे. शिष्यांचे गाणे, स्वतःच्या मुलांचे गाणे, वाद्ये, श्रुतींची प्रात्यक्षिके असा भरगच्च कार्यक्रम. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्या काळी बावीस श्रुतींचे मोजमाप करत होते. त्यांना गळ्यातून श्रुती काढून दाखवायचे काम खाँसाहेबांनी केले आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेतही ते त्यासाठी हजर होते. शास्त्राची चर्चा विद्वानांपुरती राहू न देता ते ती तिकीट काढून आलेल्या माणसासमोर गाऊन दाखवत.

आणि एक कुत्राही होता! टिपू मियाँ त्याचे नाव. खाँसाहेबांनी त्याला सुरात आवाज काढायला शिकवले होते आणि जलशात तो लोकांना ऐकवलाही. यावर पुष्कळ थट्टा झाली, टीकाही झाली. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही. गाण्याच्या मंचावर कुत्रा कशाला? पण वीस-पंचवीस पोरांच्या जेवणाची काळजी असलेल्या माणसाने कुत्रा बघायला आलेल्या गर्दीला शेवटी तोडी ऐकवून पाठवले, तर त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आपणही शास्त्रीय कार्यक्रमाच्या दिवशीच पाककृती स्पर्धेचा निकाल ठेवतो, तो काही उगीच नव्हे.

आता म्हैसूर. चौथ्या कृष्णराज वडियार महाराजांच्या दरबारात तेव्हा वीणा शेषण्णा, बिडारम कृष्णप्पा यांच्यासारखे कर्नाटक संगीताचे दिग्गज होते, आणि दसऱ्याला उत्तरेचेही गवई येत. दोन्ही पद्धतींचे गाणे एकाच छताखाली ऐकणारा असा दरबार दुसरीकडे क्वचितच असेल. खाँसाहेब इथे अनेकदा आले. संगीतरत्न ही पदवी त्यांना म्हैसूरचीच. उत्तरेचे पुष्कळ गवई इथे येऊन गाऊन, बिदागी घेऊन परत गेले. खाँसाहेबांनी इथे येऊन ऐकले. कर्नाटक पद्धत त्यांनी मन लावून अभ्यासली.

त्यांच्या ऐकण्याची एक हकीकत गंगूबाई हनगल सांगत असत. गंगूबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गात. धारवाडला आले की खाँसाहेब त्यांच्या घरी जात आणि अंबाबाईंना गायला लावत. त्यांचे गाणे ऐकताना आपण तंजावरात बसलो आहोत असे त्यांना वाटे. नाव झालेला उस्ताद एका घरगुती बैठकीत श्रोता होऊन बसतो. म्हैसूरच्या वाटेवर ते कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात उतरत. त्याच गावचा रामभाऊ त्यांचा शिष्य झाला, तो पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजला. त्यांच्याकडे गंगूबाई शिकल्या, भीमसेन जोशी शिकले. आज आपण किराना घराणे म्हणून जे ऐकतो त्यातले अर्धे तरी धारवाड-हुबळीच्या मातीत रुजले, ते या उतरण्या-थांबण्यातून.

दक्षिणेच्या श्रोत्याकडून खाँसाहेबांनी नेमके काय घेतले, तर सरगम. इथल्या सभेत कल्पनास्वर गाण्याची जुनी रीत आहे. गायक सूर नावानिशी गातो आणि श्रोत्याच्या हाताला ताल असतो, कानाला स्वरांची नावे ओळखीची असतात. उत्तरेत तेव्हा मैफलीत सरगम म्हणणे म्हणजे शिकाऊपणाचे लक्षण मानत. खाँसाहेबांनी ती मैफलीत आणली, आणि ठोकळेबाज न ठेवता आलापासारखी मऊ करून आणली. सरगम ऐकताना श्रोत्याला रागाच्या घराचे दार उघडे करून दाखवल्यासारखे होते. हा नी, हा सा, आता मी इथून तिथे चाललो. अनोळखी भाषेतली चीज ज्याला कळत नाही त्यालाही सरगम कळते. मद्रासच्या श्रोत्याला हिंदुस्थानी ख्याल परका वाटला असता, पण ज्याला लहानपणापासून स्वरांची नावे पाठ आहेत त्याला हा माणूस आपल्याच भाषेत बोलतो आहे असे वाटले असणार. दक्षिणेत सर्वदूर बोलावणी यावीत असे उत्तरेचे पहिले गवई ते ठरले, यात नवल नाही.

त्यांनी त्यागराजांची खरहरप्रियातली कृती रेकॉर्डवर गायली आहे. आमच्या शेजारच्या, कर्नाटक संगीत शिकलेल्या मामींना मी ती ऐकवली. तेलुगू उच्चारांना त्या आधी मनापासून हसल्या. मग गप्प झाल्या, आणि संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली.

इकडे महाराष्ट्रातल्या श्रोत्यासाठी त्यांनी नाट्यपदे घेतली. मानापमानातली पदे त्यांच्या आवाजात आजही ऐकायला मिळतात. ख्याल झाला की ठुमरी, मग एखादे पद, भजन, भैरवी. घरंदाज उस्तादाने नाटकातले पद गावे, हे कित्येकांना रुचले नाही. शुद्धतेच्या कल्पना तेव्हाही कडक होत्या. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी पद गायले ते नटासारखे नव्हे. प्रेक्षकांच्या ओठावरचे पद घेतले आणि ते संथ करून, सूर लांबवून, आपल्या वाटेने नेले. श्रोता ओळखीच्या दारातून आत शिरतो आणि आत गेल्यावर घर निराळेच निघते. लोकांना आवडते तेच द्यावे की आपल्याला द्यायचे तेच द्यावे, हा वाद आपल्या सांस्कृतिक समितीत दर जुलैला रंगतो. खाँसाहेबांनी तो प्रत्यक्ष गाऊन केव्हाच मिटवला होता.

त्यांच्या गाण्यात उणिवा नव्हत्या असे नाही. लयकारीचा आनंद त्यांच्याकडे फारसा मिळत नाही. चिजेचे शब्द पुष्कळदा सुरात विरघळून जातात, अंतरा कुठे गेला कळत नाही. आग्रा किंवा जयपूरच्या गाण्यावर वाढलेला श्रोता ही तक्रार करतो आणि ती खोटी नाही. सुरापुढे त्यांना बाकीच्या गोष्टी दुय्यम वाटत, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

इतक्या अनोळखी लोकांना धरून ठेवणाऱ्या या माणसाला घर धरून ठेवता आले नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. जलशांत वडिलांबरोबर गाणारी ती मुले गेली, नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. कारणे अनेक सांगतात, आपण त्यात न शिरणे बरे. आपल्या मुलींनी लोकांसमोर गावे हे खाँसाहेबांना पसंत नव्हते, हे मात्र सर्वश्रुत आहे. गंमत म्हणा की नियती म्हणा, हिराबाईंनी तिकीट लावून, पुरुष गवयांसारखी बैठक घालून, डोक्यावर पदर घेऊन शांतपणे ख्याल गायला आणि कुलीन बायकांना मैफलीचे दार उघडून दिले. आज माझ्यासारख्या बाईला चारचौघांत मंचावर तानपुरा घेऊन बसताना कुणी काही म्हणत नाही, त्यामागे त्या आहेत. आणि त्यांच्या बसण्यातली ती स्थिरता, सुराशिवाय दुसरे काही न दाखवणे, हे सारे वडिलांचेच आहे. श्रोत्यांना जिंकायची बापाची रीत मुलीने बापाच्या मर्जीविरुद्ध पुढे नेली.

खाँसाहेबांनी नंतर मिरजेलाच मुक्काम केला. पूर्वी मोठ्या आजारातून ते इथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने उठले, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि उरुसाला ते तिथे हजेरी लावत. तिथे तिकीट नाही, बिदागी नाही. शिष्य येत राहिले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी होते, ज्यांनी पुढे त्यांचे मोठे चरित्र लिहिले. रोशनआरा बेगम होत्या. बानूबाई लाटकर म्हणजेच सरस्वतीबाई मिरजकर, ज्यांच्याशी त्यांनी संसार मांडला, त्याही होत्या.

साठी उलटल्यावर, 1934 च्या पुढे, ओडियन कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. ज्या गवयाला सभा शांत करायला त्याहून अधिक वेळ लागे, त्याला एवढ्या वेळात सगळा राग मांडायचा होता. आणि समोर श्रोता नाही, माइक. माझ्या मते ही त्यांची सर्वांत अवघड मैफल. वसंतातला ख्याल, झिंझोटीतली ठुमरी, भैरवी, शुद्ध कल्याण, आभोगी ऐकून पाहावे. घाई कुठेही नाही. पहिल्याच सुरात समोर कुणीतरी बसले आहे या भरवशाने गायल्यासारखे वाटते. ती झिंझोटी ऐकून गदगचा एक पोरगा गाण्याच्या शोधात घर सोडून पळाला, हे भीमसेन जोशी स्वतः सांगत असत. असा एखादा श्रोता मिळण्यासाठी सभागृह भरावे लागत नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासला गायला गेले होते. तिथून त्यांना पाँडिचेरीला अरविंद आश्रमात गायला जायचे होते. मंडळी रात्रीच्या गाडीने निघाली. वाटेत खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले आणि चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर सगळे उतरले. फलाटावर अंथरूण घातले. खाँसाहेबांनी नमाज पढला. मग दरबारीच्या सुरात ईश्वराचे नाव घेत गायला लागले, आणि गाता गाताच थांबले. तारीख 27 ऑक्टोबर. जवळ होते ते बरोबरचे शिष्य आणि साथीदार.

त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा भरते. देशभरातले गवई येऊन हजेरी लावतात, मानधनाची बोली करत नाहीत. श्रोते जमिनीवरच बसतात. गावातले बागवान असतात, तंतुवाद्ये करणारे असतात, सांगली-कोल्हापूरकडून आलेले असतात. मिरजेला इथून रात्रीच्या गाडीने जाता येते. उत्सवाच्या धावपळीतून मोकळे झाल्यावर पुढच्या उरुसाला ज्यांना यायचे असेल त्यांनी मला जरूर सांगावे. लवकर पोचू, म्हणजे तानपुरे जुळताना ऐकायला मिळतील.